दोनदा विकलेली, दोनदा परत घेतलेली रेल्वे

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

खाजगीकरणाविषयी बोलताना आपल्या देशात बहुधा दोन प्रकारची भाषा ऐकू येते. एकीकडे कार्यक्षमता, स्पर्धा आणि ग्राहकाचे समाधान यांची जपमाळ ओढली जाते. दुसरीकडे आपल्या सभांतून निषेधाची ठरावीक वाक्ये उच्चारली जातात. दोन्हींत एक उणीव सारखीच आहे. एखादी रेल्वे प्रत्यक्ष खाजगी कंपनीच्या हाती गेल्यानंतर वर्षानुवर्षे नेमके काय घडले, पैसा कोणाकडून कोणाकडे गेला, प्रवाशाला आणि कामगाराला काय भोगावे लागले, याचा पाठपुरावा फारसा कोणी करीत नाही. आजच्या व्याख्यानाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. लंडनच्या आग्नेयेकडील लोकल गाड्या १९९६ पासून २०२१ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत दोनदा खाजगी कंपन्यांना मक्त्याने देण्यात आल्या आणि दोन्ही वेळा सरकारला त्या परत घ्याव्या लागल्या. दोन्ही वेळा परत घेणारे सरकार समाजवादी नव्हते, आणि दोन्ही वेळा कारण एकच होते : पैशाचा हिशेब.

मार्ग आणि त्याचे प्रवासी

लंडनच्या आग्नेयेस केंट परगणा पसरला आहे. चॅरिंग क्रॉस, कॅनन स्ट्रीट, व्हिक्टोरिया आणि लंडन ब्रिज या स्थानकांतून सुटणाऱ्या गाड्या ल्यूइशम, वुलिच, डार्टफर्ड यांसारखी दाट वस्तीची ठिकाणे मागे टाकून चॅटम, मेडस्टन, ॲशफर्ड, कँटरबरी अशा गावांना जातात आणि डोव्हर व रॅम्सगेट येथे समुद्राला भिडतात. या परगण्याला 'इंग्लंडची बाग' म्हणण्याची प्रथा आहे. परंतु त्याची दुसरी ओळख श्रमिकांची आहे. चॅटम येथील नौदलाची शतकानुशतके चाललेली गोदी १९८४ साली बंद झाली. १९८४-८५ च्या ऐतिहासिक संपात अखेरपर्यंत तग धरणाऱ्यांत केंटचे खाणकामगार होते. त्यांची शेवटची बेट्सहँगरची खाण १९८९ साली बंद करण्यात आली. गावातला रोजगार आटला की माणसाला शहर गाठावे लागते, आणि शहर गाठायचे तर गाडीवाचून गत्यंतर नसते.

या एका गोष्टीचे महत्त्व पुढील सर्व हकिकतीत ध्यानात ठेवले पाहिजे. लोकलचा प्रवासी हा बाजारात हिंडून माल पारखणारा ग्राहक नव्हे. मेडस्टनच्या कारकुनाला सकाळी लंडनला पोचण्यासाठी दुसऱ्या कंपनीची गाडी निवडता येत नाही; रूळ एकच, गाडी एकच आणि कामावर हजर होण्याची वेळही ठरलेली. जेथे निवड नाही तेथे स्पर्धा नाही. मग जे उरते ते केवळ वसुलीचे कंत्राट.

सार्वजनिक रेल्वेची उपासमार

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४७ चा वाहतूक कायदा केला आणि १ जानेवारी १९४८ पासून ब्रिटनच्या रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. जुन्या भागधारकांना तीन टक्के व्याजाचे, सरकारी हमीचे रोखे देण्यात आले. म्हणजे युद्धात झिजलेले रूळ आणि खिळखिळे डबे राष्ट्राच्या पदरी आले, आणि ज्यांनी ते झिजवले त्यांना निर्धोक व्याज मिळू लागले. राष्ट्रीयीकरणाचा हा जन्मदोष पुढे फार काळ पुरला.

सार्वजनिक ब्रिटिश रेलचे गुणगान करताना सत्य झाकून चालणार नाही. १९८० च्या दशकात थॅचर सरकारने तिचा हात आखडता ठेवला. लंडनभोवतीच्या लोकल गाड्यांचा विभाग १९८६ साली 'नेटवर्क साउथईस्ट' या नावाने उभा राहिला. डबे रंगले, स्थानके थोडी उजळली. तरी १२ डिसेंबर १९८८ रोजी क्लॅपम जंक्शनजवळ सिग्नलच्या एका सैल तारेमुळे गाड्यांची टक्कर होऊन ३५ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत निष्पन्न झाले की, ते तारकाम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत अवघी एक सुटी मिळाली होती. मालकी सरकारची असली तरी काटकसरीचा बळी कामगार आणि प्रवासी हेच असतात, हा धडा तेव्हाच मिळाला होता. परंतु राज्यकर्त्यांनी त्यातून उलटाच निष्कर्ष काढला : रेल्वे उपाशी आहे, तेव्हा तिला विकून टाका.

कायदा आणि तुकडे

मेजर सरकारने १९९३ साली रेल्वे कायदा संमत केला. पूर्वीच्या खाजगी काळात एका कंपनीकडे निदान रूळ, गाड्या आणि कर्मचारी एकत्र असत. नव्या कायद्याने एकसंध यंत्रणेचे शंभराहून अधिक तुकडे केले. रूळ, सिग्नल आणि स्थानके रेलट्रॅक या कंपनीकडे गेली व १९९६ साली तिचे भाग शेअरबाजारात विकले गेले. देखभालीची कामे निरनिराळ्या ठेकेदारांत वाटली गेली. डबे आणि इंजिने तीन भाडेकंपन्यांच्या स्वाधीन झाली. प्रवासी गाड्या चालवण्याचे काम पंचवीस मक्त्यांत विभागून, ठरावीक वर्षांसाठी, निविदा मागवून देण्यात आले.

यांतील सर्वांत किफायतशीर धंदा कोणता ठरला? गाड्या चालवण्याचा नव्हे, तर डब्यांचे भाडे खाण्याचा. तिन्ही भाडेकंपन्या मिळून सुमारे १८० कोटी पौंडांना विकल्या गेल्या. त्यांपैकी पोर्टरब्रुक ही कंपनी १९९६ च्या जानेवारीत सुमारे ५३ कोटी पौंडांना विकली गेली आणि त्याच वर्षी स्टेजकोच या बसकंपनीने ती ८२ कोटी ५० लाख पौंडांना विकत घेतली. त्या काही महिन्यांत एकही नवा डबा बांधला गेला नव्हता, एकही जादा फेरी सुटली नव्हती. जनतेच्या पैशाने उभी राहिलेली मालमत्ता कमी किमतीला विकली गेली होती, एवढाच त्या फरकाचा अर्थ.

तुकडे झाल्यावर प्रत्येक तुकड्यामध्ये करार आला, आणि करार आला म्हणजे वाद आला. गाडीला तीन मिनिटे वा अधिक उशीर झाला, तर तो कोणाच्या खात्यावर टाकायचा याचा तपास सुरू होई. सिग्नल बिघडला तर भरपाई रेलट्रॅकने द्यायची, मोटरमन वेळेवर आला नाही तर गाडीच्या कंपनीने. गाडी वेळेवर सोडण्याची जी विद्या रेल्वे कामगारांनी दीडशे वर्षांत कमावली होती, तिच्या शेजारी उशिराचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडण्याची एक नवी विद्या उदयास आली, आणि तिच्यासाठी स्वतंत्र कर्मचारीवर्ग नेमावा लागला.

पहिला मक्तेदार : कॉनेक्स

आग्नेय मार्गाचा मक्ता १३ ऑक्टोबर १९९६ पासून पंधरा वर्षांसाठी कॉनेक्स या कंपनीला मिळाला. लंडनच्या दक्षिणेकडील साउथ सेंट्रल मार्गही त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिच्याकडे आला होता. कॉनेक्स ही पाणीपुरवठ्याच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या एका फ्रेंच मक्तेदारी समूहाची शाखा. तिने निविदेत असे कबूल केले होते की, सरकारकडून मिळणारे अनुदान वर्षागणिक घटत जाईल. कमी अनुदान मागणाऱ्याला मक्ता, हा नियमच होता. साहजिकच जो सर्वांत आशावादी आकडे मांडील तो जिंकणार, आणि आकडे खोटे ठरले तर त्याची भरपाई कोणी करायची हा प्रश्न पुढच्या सरकारवर सोडला जाणार.

खाजगी कंपन्यांनी पहिली कात्री कोठे लावली, हे शेजारच्या मार्गावर लवकरच दिसून आले. स्टेजकोचच्या साउथ वेस्ट ट्रेन्सने सत्तरांहून अधिक मोटरमनांना रक्कम देऊन निवृत्त केले, आणि १९९७ च्या आरंभी गाड्या चालवायला माणसे उरली नाहीत म्हणून रोजच्या रोज फेऱ्या रद्द करण्याची पाळी आली. मोटरमन हा जमाखर्चाच्या वहीत 'खर्च' असतो; फलाटावर मात्र तो नसला की गाडीच नसते. हे कळायला कंपनीला काही महिने लागले.

कॉनेक्सच्या कारभारात उशीर, गर्दी आणि तक्रारी यांचा सुळसुळाट झाला. वक्तशीरपणाच्या कसोटीत नापास झाल्याबद्दल तिला दंड होत राहिले. तिच्या ताफ्यात हाताने दार लोटून बंद करण्याचे जुने डबे मोठ्या संख्येने होते. टक्कर झाल्यास ते चिरडले जात. म्हणून ते २००४ च्या अखेरपर्यंत काढून टाकण्याची सक्ती सरकारने केली होती. नवे विजेचे डबे मागवण्यात आले. ते वातानुकूलित होते, वजनदार होते, आणि जुन्यांपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढणारे होते. या मार्गावर वीज वरच्या तारेतून येत नाही, रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून येते. त्या तिसऱ्या रुळाची ताकद नव्या गाड्यांना पुरणारी नव्हती. डबे भाडेकंपनीचे, चालवणारी कॉनेक्स, वीज पुरवणारी रेलट्रॅक, आणि देखरेख करणारी सरकारी मंडळे वेगळीच. यांपैकी प्रत्येकाने आपापल्या कराराचे कलम पाहिले; सर्व मिळून गाडी धावेल की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. अखेर वीजपुरवठा वाढवण्याचा कोट्यवधी पौंडांचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून करावा लागला. एकत्र यंत्रणेत हा प्रश्न मुख्य अभियंत्याच्या टेबलावर पहिल्याच दिवशी आला असता.

दरम्यान रेलट्रॅकचाही निकाल लागला. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्ड येथे भेगाळलेला रूळ गाडीखाली फुटून चार प्रवासी मृत्यू पावले. देखभाल ठेकेदारांवर सोपवलेल्या या कंपनीला आपल्या मालकीचे रूळ कोठे कोठे भेगाळले आहेत याचा पत्ता नव्हता, म्हणून देशभर गाड्यांचा वेग उतरवावा लागला. ७ ऑक्टोबर २००१ रोजी ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि पुढील वर्षी तिची जागा नफा न वाटणाऱ्या नेटवर्क रेलने घेतली. म्हणजे खाजगीकरणाचा पाया पाच-सहा वर्षांतच ढासळला होता. वरचे मजले मात्र तसेच ठेवण्यात आले.

कॉनेक्सची अधोगती दोन टप्प्यांत झाली. साउथ सेंट्रल मार्ग २००१ च्या ऑगस्टमध्ये गोव्हिया या दुसऱ्या कंपनीकडे गेला. आग्नेय मार्गासाठी कॉनेक्सने सरकारकडे जादा पैसा मागितला, आणि २००२ च्या डिसेंबरमध्ये तिला ५ कोटी ८० लाख पौंड जादा देण्याचे ठरले. त्या बदल्यात मक्त्याची मुदत २००६ पर्यंत आखूड करण्यात आली. परंतु पैसा देताना घातलेली हिशेबाची शिस्त कंपनीला पाळता आली नाही. उलट आणखी सुमारे २० कोटी पौंडांची मागणी पुढे आली. २७ जून २००३ रोजी स्ट्रॅटेजिक रेल ऑथॉरिटी या सरकारी मंडळाने कॉनेक्सचा मक्ता आर्थिक गैरव्यवस्थेच्या कारणावरून रद्द करीत असल्याचे जाहीर केले.

सरकारी कारभाराची अडीच वर्षे

९ नोव्हेंबर २००३ पासून त्याच गाड्या, तेच मोटरमन, तेच तिकीटतपासनीस 'साउथ ईस्टर्न ट्रेन्स' या सरकारी कंपनीखाली काम करू लागले. जे घडले त्यात चमत्कार काहीच नव्हता. नफा काढून नेणारा मधला माणूस गेला. वक्तशीरपणा सुधारला, नवे डबे रुळांवर आले. रेल्वे कामगारांच्या आरएमटी संघटनेने मागणी केली की, हा मार्ग आता कायमचा सार्वजनिक ठेवावा. प्रवाशांतही या मागणीला सहानुभूती होती.

ब्लेअर सरकारने ती फेटाळली. ज्या मजूर पक्षाने विरोधात असताना खाजगीकरणावर टीकेची झोड उठवली होती, त्याच पक्षाच्या सरकारने सरकारी यंत्रणा चांगली चालत असतानाही ती पुन्हा निविदेला काढली. येथे एक तत्त्व उघडे पडते. खाजगी कंपनी अपयशी ठरली तर तो एका कंपनीचा दोष. सरकारी कंपनी यशस्वी ठरली तर तो अपवाद. भांडवली राज्यव्यवस्थेत सार्वजनिक मालकी ही दुरुस्तीची कार्यशाळा समजली जाते. मोडलेला धंदा तेथे आणायचा, जनतेच्या खर्चाने दुरुस्त करायचा आणि पुन्हा बाजारात उभा करायचा. ईस्ट कोस्ट या लांब पल्ल्याच्या मार्गावर हेच घडले. २००९ ते २०१५ सरकारी कारभारात त्या मार्गाने तिजोरीत सुमारे १०० कोटी पौंड भरले, आणि तरीही तो पुन्हा खाजगी कंपन्यांना देण्यात आला. तीन वर्षांत, २०१८ साली, तो परत घेण्याची पाळी आली.

दुसरा मक्तेदार : गोव्हिया

१ एप्रिल २००६ रोजी आग्नेय मार्ग 'साउथईस्टर्न' या नावाने गोव्हियाच्या हाती गेला. गोव्हियात दोन भागीदार होते : ६५ टक्के हिस्सा गो-अहेड या इंग्रज बसकंपनीचा आणि ३५ टक्के कियोलिस या फ्रेंच कंपनीचा. कियोलिसमध्ये फ्रान्सच्या सरकारी रेल्वेचा मोठा हिस्सा होता व पुढे तो बहुमताचा झाला. ब्रिटनची रेल्वे ब्रिटिश सरकारने चालवणे हे तत्त्वाला धरून नव्हते. फ्रेंच सरकारी रेल्वेने तिच्यातून नफा नेणे मात्र तत्त्वाला धरून होते.

या मक्त्यात प्रवाशाच्या खिशाला विशेष भोक पाडण्यात आले. ब्रिटनमध्ये पास व अन्य नियंत्रित तिकिटांचे दर सरकार ठरवते. इतर मार्गांवर दरवाढीची मर्यादा महागाईच्या आकड्यावर एक टक्का अशी होती. केंटच्या प्रवाशांसाठी ती महागाईवर तीन टक्के ठेवण्यात आली. कारण असे सांगितले गेले की, सेंट पँक्रसपासून ॲशफर्डपर्यंत नव्या वेगवान मार्गावर धावणाऱ्या गाड्यांचा खर्च भागवायचा आहे. २००९ च्या डिसेंबरमध्ये हिताची कंपनीच्या २९ गाड्यांनिशी ही सेवा पूर्णपणे सुरू झाली आणि ॲशफर्ड लंडनपासून ३७ मिनिटांवर आले. गाड्या उत्तम होत्या, यात शंका नाही. परंतु ल्यूइशम किंवा डार्टफर्डच्या ज्या कामगाराने त्या गाडीत पाऊलही ठेवले नाही, त्याच्याही पासाचा दर तिच्यापायी चढत राहिला. आणि तो वेगवान लोहमार्ग? २०१० च्या नोव्हेंबरमध्ये तीस वर्षांचा वापरहक्क २१० कोटी पौंडांना कॅनडातील दोन पेन्शन गुंतवणूक संस्थांना विकण्यात आला. त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक गाडीचा पथकर त्या मालकांना जाऊ लागला.

गोव्हियाकडे गेलेल्या दक्षिणेकडील मार्गांवर याच काळात दुसरा संघर्ष पेटला. २०१६ च्या एप्रिलपासून सदर्न या मार्गावरील गार्डांनी दीर्घ लढा दिला. दरवाजे उघडण्या-मिटण्याचे काम गार्डकडून काढून मोटरमनला देण्याचा कंपनीचा बेत होता. गार्डशिवाय गाडी सोडता आली की अपंग, वृद्ध वा एकट्या प्रवाशाला मदत कोण करणार, हा कामगारांचा सवाल होता. या मार्गाचा करार चमत्कारिक होता. तिकिटांचे उत्पन्न थेट सरकारला जाई आणि कंपनीला चालवण्याचा मेहनताना मिळे. त्यामुळे संपात बुडणाऱ्या उत्पन्नाचा मुख्य भार कंपनीवर पडतच नव्हता. मालक संपापुढे महिनोन्‌महिने निश्चिंत बसू शकला, याचे मर्म येथे आहे. संप कंपनीशी होता, आणि किंमत करदाता मोजत होता.

दडवलेले अडीच कोटी

आग्नेय मार्गावर गोव्हियाचा मक्ता वारंवार, स्पर्धेशिवाय, थेट करारांनी वाढवला गेला. नव्या निविदांची प्रक्रिया २०१९ च्या ऑगस्टमध्ये रद्द झाली. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीने फलाट ओस पडताच सरकारने देशातील सर्व मक्त्यांचा तोटा आपल्या अंगावर घेतला. जोखीम खाजगी कंपनी उचलते म्हणून नफ्यावर तिचा हक्क आहे, हा खाजगीकरणाचा मूळ युक्तिवाद त्या एका आठवड्यात निकालात निघाला. खरी जोखीम आली तेव्हा ती उचलायला राज्यच उरले.

आणि मग २८ सप्टेंबर २०२१ रोजी हुजूर पक्षाच्याच वाहतूकमंत्र्याने जाहीर केले की, ऑक्टोबर २०१४ पासून करदात्यांचे अडीच कोटींहून अधिक पौंड, जे सरकारला परत द्यायला हवे होते, ते गोव्हियाने हिशेबात दाखवलेच नव्हते. १७ ऑक्टोबर २०२१ पासून हा मार्ग दुसऱ्यांदा सरकारी कंपनीकडे आला. पुढील मार्चमध्ये २ कोटी ३५ लाख पौंडांचा दंड ठोठावण्यात आला आणि दडवलेली रक्कम परत घेण्यात आली. सात वर्षे हे प्रकरण उघडकीस आले नाही, याचाही विचार करावा. करारांचे जंगल जितके दाट, तितकी लपायला जागा जास्त.

आता काय बदलले, काय नाही

सार्वजनिक मालकीचा कायदा ब्रिटिश संसदेने २८ नोव्हेंबर २०२४ रोजी संमत केला. मक्त्यांची मुदत संपत जाईल तसे प्रवासी गाड्यांचे मार्ग सार्वजनिक मालकीत घ्यायचे, असे त्यात ठरले. या कायद्याखाली पहिला मार्ग २५ मे २०२५ रोजी परत आला, तो साउथ वेस्टर्न. १९९६ च्या फेब्रुवारीत सर्वांआधी जे मार्ग विकले गेले, त्यांतलाच हा एक. त्यानंतर जुलैमध्ये सी-टू-सी आणि ऑक्टोबरमध्ये ग्रेटर अँग्लिया हे लंडनचे लोकल मार्ग आले.

हा विजय आहे, पण अर्धा. गाड्या चालवणारा मक्तेदार गेला, डब्यांचे भाडे खाणाऱ्या कंपन्या जागेवरच राहिल्या. एकदा भरपाई घेतलेल्या भांडवलाला सर्वांत सुरक्षित कोपरा कोणता ते नेमके ठाऊक असते. दुसरे असे की, मालकी सरकारची झाली म्हणजे कामगाराचा प्रश्न सुटत नाही. २०२२ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रेल्वे कामगारांनी वेतन आणि नोकरीच्या शाश्वतीसाठी मोठा संप केला, तेव्हा त्यात साउथईस्टर्नचेही कामगार होते. त्यांची कंपनी तेव्हा सरकारीच होती आणि वेतन गोठवणारा हातही सरकारचाच होता. १९८८ च्या त्या तंत्रज्ञाची एकुलती एक सुटी येथे पुन्हा आठवावी. सार्वजनिक मालकी ही पहिली पायरी आहे. तिच्यावर कोण उभे आहे, हा प्रश्न तिने सुटत नाही.

आपल्या घरचा हिशेब

मक्त्याने रेल्वे चालवण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज, लंडनमध्ये स्थापन झालेली खाजगी कंपनी होती. १८४९ च्या कराराने तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी देण्यात आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. नफा पाच टक्क्यांहून कमी पडला तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे येथल्या रयतेच्या साऱ्यातून भरली जाई. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी या व्यवहारावर त्या काळीच कठोर टीका केली होती.

१९०० साली सरकारने हा मार्ग विकत घेतला. परंतु कारभार मात्र त्याच कंपनीकडे कराराने ठेवला. लोहमार्ग राज्याचा, चालवणारी कंपनी लंडनची : इंग्लंडने १९९३ साली ज्याला नवा शोध म्हटले, तो मुंबईकरांनी त्याआधी पाव शतक भोगला होता. ॲक्वर्थ समितीचा अहवाल १९२१ साली आला, मध्यवर्ती कायदेमंडळाने १९२३ साली सरकारी कारभाराचा ठराव केला, आणि १ जुलै १९२५ रोजी ही रेल्वे सरकारच्या प्रत्यक्ष व्यवस्थापनाखाली आली. ब्रिटिश साम्राज्याच्या सरकारलाही ती पद्धत अखेर सोडावी लागली.

कॉनेक्सचीही गाठ मुंबईशी पडली आहे. त्या कंपनीने पुढे व्हिओलिया हे नाव घेतले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या कंपनीत रिलायन्स समूह आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यासोबत व्हिओलियाचा पाच टक्के हिस्सा होता. या मार्गाच्या करारात ९ ते १३ रुपये भाडे ठरले होते. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू होताच खर्च वाढल्याचे कारण पुढे करून कंपनीने भाडेवाढ मागितली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०१५ पासून १० ते ४० रुपये भाडे लागू झाले. आकडे आणि देश बदलले तरी क्रम तोच राहिला : आधी स्वस्त बोली, मग खर्चाची ओरड, शेवटी प्रवाशाचा खिसा.

भारतीय रेल्वेने १ जुलै २०२० रोजी १०९ मार्गजोड्यांवर १५१ खाजगी गाड्या चालवण्यासाठी निविदा मागवल्या. त्यांत सुमारे ३०,००० कोटी रुपयांची खाजगी गुंतवणूक येईल असे सांगण्यात आले. रूळ रेल्वेचे, सिग्नल रेल्वेचे, मोटरमन आणि गार्डही रेल्वेचे. कंपनीचे केवळ डबे आणि भाडे ठरवण्याचा हक्क. २०२१ साली बोली लावायला अगदी मोजके पुढे आले आणि योजना बारगळली. भांडवलदारांना तेव्हा सौदा पुरेसा गोड वाटला नाही, एवढेच. अधिक गोड करून तो पुन्हा वाढला जाणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

म्हणून कॉम्रेड्स, इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद, बेळगाव की कल्याण. ज्या ज्या स्थानकावर आपले कार्यकर्ते प्रवासी संघटनांत आणि रेल्वे कामगारांच्या संघटनांत काम करतात, तेथे 'खाजगीकरण वाईट' एवढे म्हणून थांबू नये. चार साधे प्रश्न घेऊन जावे. डबे कोणाच्या मालकीचे आणि त्यांचे भाडे कोण घेतो? गाडी उशिरा आली तर उत्तर देणारा एकच माणूस आहे की चार कंपन्या? उत्पन्न घटले तर तोटा कोणाच्या खात्यावर पडणार? आणि करारातले हिशेब प्रवाशाला आणि कामगाराला पाहता येणार की नाही? केंटच्या प्रवाशांना या चार प्रश्नांची उत्तरे मिळायला पंचवीस वर्षे आणि दोन मक्तेदार लागले. आपल्याला ती करारावर सही होण्यापूर्वी मागता येतील. ती मागण्यासाठी प्रवासी आणि कामगार यांना एका फलाटावर आणणे, हे आपले काम आहे.